गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधला सील : गाडी आणण्याआधी एवढं वाचा

फोर-बाय-फोर थार, स्कॉर्पिओ, बोलेरो आणणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न : "ट्रान्सफर केसचा मागचा सील दोनदा बदलला, तरी ऑईल येतंच. सील डुप्लिकेट होता का?" बऱ्याचदा सील चांगलाच असतो, दुखणं दुसरीकडे असतं.

ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टांनी बसते. गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्यात शिरतो आणि त्या शाफ्टवरचा ऑईल सील दोन्हीकडचं ऑईल वेगळं ठेवतो. हा सील गेला की जमिनीवर थेंब पडेलच असं नाही. इकडचं ऑईल गुपचूप तिकडे जातं. ट्रान्सफर केस मापाबाहेर भरली की जादा ऑईल मागच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करायची वाट) बाहेर पडतं, आणि बदनाम होतो मागचा सील. काही गाड्यांत जोडाखाली बारीक भोक दिलेलं असतं, तिथे मात्र थेंब लगेच दिसतो. (जिप्सीवाल्यांनी काळजी करू नये. तिची ट्रान्सफर केस वेगळी बसवलेली असते, मध्ये आखूड शाफ्ट असतो. तिथली गळती बाहेरच दिसते.)

गाडी धुऊन, ऑईल भरून आणू नका

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. थंड गाडी सपाट जागेवर उभी करून आम्ही दोन्हीकडचे लेव्हल प्लग (ऑईलची पातळी बघायची बुचं) उघडतो. ऑईल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. एकीकडे बोट आत घालूनही ऑईल लागत नाही आणि दुसरीकडे प्लग सैल करताच धार लागते, म्हणजे दहा मिनिटांत निकाल. गिअरबॉक्सला गिअर ऑईल आणि ट्रान्सफर केसला लाल एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑईल) असेल, तर रंग आणि वासही सांगतात कोण कुठे घुसलं.

पण आदल्या दिवशी कुणी दोन्ही लेव्हल करून दिल्या आणि खालून प्रेशरने गाडी धुतली, की पुरावा गेला. मग दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा यावं लागतं. ऑईल फारच कमी झाल्याची शंका असेल तर जरूर भरा, कोरडी चालवू नका. फक्त कोणतं, किती आणि कुठे भरलं ते लिहून आणा. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं मात्र नकोत. ती रबर फुगवतात, आणि चांगले सीलही मऊ पडतात.

सील काही शे रुपयांचा, मग लेबर एवढं का?

कारण सीलपर्यंत पोचायला दोन्हीकडचं ऑईल काढायचं, फ्लँजवर खुणा करून पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) सोडायचा, वायरिंग आणि लिव्हरची जोडणी काढायची, गिअरबॉक्सला जॅकचा आधार देऊन क्रॉस मेंबर (खालचा आडवा आधार) उतरवायचा आणि मग ट्रान्सफर केस सरळ मागे ओढायची. ती शाफ्टवर लोंबकळू दिली तर स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) आणि बेअरिंग दोन्ही दुखावतात. म्हणून हे काम दोन माणसांचं आणि पूर्ण दिवसाचं आहे.

उघडल्यावर आधी शाफ्ट बघतो. सील जिथे घासतो तिथे नख अडकलं, म्हणजे चर पडलाय. त्यावर नवा सील मारला तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. अशा वेळी पातळ स्टील स्लीव्ह चढवतो, किंवा हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवतो, म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) कोऱ्या जागेवर येतो. शाफ्ट हाताने वर-खाली हलत असेल तर दोष बेअरिंगचा. ते न बदलता सील मारून द्या असा आग्रह धरू नका, आम्ही तसं काम घेत नाही.

सील बसवताना स्प्लाइनवर टेप गुंडाळतो. नाहीतर धारदार कडा नव्या सीलचा ओठ बसवतानाच कापतात. ओठाला ऑईल लावून, बाहेरच्या व्यासाच्या मापाच्या डायने सील सरळ दाबतो. हातोडीने एका बाजूने ठोकलेला सील तिरका बसतो. जोडाला जुनं पॅकिंग खरवडून सिलिकॉनची बारीक रेघ पुरते. जास्त लावलं तर आत सुटून ऑईलच्या वाटेत अडकतं.

ब्रीदर साफ आहे का?

कोकणातल्या चिखलातून किंवा ओढ्यातून जाणाऱ्या गाड्यांत ब्रीदर मातीने चोक होतो. ऑईल तापलं की आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नसते, मग दाब सीलच्या ओठावर येतो. उलट, तापलेली केस थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि पाणी ओढलं जातं. ऑईल दुधाळ दिसलं तर हेच झालंय. म्हणून या कामात दोन्ही ब्रीदर आम्ही वेगळे पैसे न लावता साफ करतो आणि जुना सील तुमच्या हातात देतो. पावसाळ्यात पाण्यातून नेहमी जात असाल तर ब्रीदरची नळी वर, बॉनेटपर्यंत नेऊन घ्या, खर्च किरकोळ आहे.

क्लच संपत आला असेल तर तोही याच वेळी सांगा. ट्रान्सफर केस उतरलीच असते, त्यामुळे गिअरबॉक्स काढायचं निम्मं लेबर वाचतं.

काम झाल्यावर 500 किलोमीटरला दोन्ही लेव्हल आम्ही फुकट तपासतो. त्या वेळीही गाडी न धुता आणा.