देवाला बैलांची काळजी आहे का?

खळ्यावर मळणी चालू असताना बैलाला मुसकं बांधावं की नाही, हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. बांधलं तर दाणे वाचतात. नाही बांधलं तर बैल फिरता फिरता कणसांत तोंड घालतो. बायबलच्या जुन्या करारात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात, यावर एका ओळीचा नियम आहे: मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नको. मराठी बायबलातही शब्द हाच आहे. ख्रिस्ती धर्मविचारात प्राण्यांची जागा कोणती, या जुन्या वादाचा माग काढायला हा बैल फार उपयोगी पडतो.

एरवी चर्चा सुरू होते ती ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या ‘सत्ता’ या शब्दापासून. देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो आणि मासे, पक्षी, जनावरं यांच्यावर सत्ता देतो. टीकाकार बहुधा इथेच पुस्तक मिटतात. पण लगेच पुढच्या ओळींत माणसाला अन्न म्हणून मिळतं ते धान्य आणि फळं. मांसाची मुभा येते ती जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. आणि त्याच अध्यायात देव करार करतो तो नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी. योनाचं पुस्तक तर गुराढोरांवरच संपतं: निनवे शहर का वाचवायचं, तर तिथे एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, आणि पुष्कळ गुरंही.

मग पहिल्या शतकात ख्रिस्ती धर्माचा प्रचारक पौल ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो. त्याला सांगायचंय की सुवार्ता सांगणाऱ्याचं पोट मंडळीने भरावं. दाखला म्हणून तो मुसक्याचा नियम काढतो आणि विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे काय? हे आपल्यासाठीच सांगितलेलं नाही का? युक्तिवाद वकिली आहे, बैल त्यात निमित्तमात्र. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र हाच पौल म्हणतो की सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेणा सोसत, कण्हत, सुटकेची वाट बघते आहे. पश्चिमेकडच्या चर्चने बैलाबद्दलचा पौल फार काळ ऐकला, कण्हणाऱ्या सृष्टीचा कमी.

असं का झालं? माझ्या मते नुसती वचनं मोजून याचं उत्तर मिळत नाही. समोर वाद घालायला कोण होतं, ते पाहावं लागतं. मांस वर्ज्य करणारे पंथ त्या काळी भोवती होते आणि चर्चला ते पाखंडी वाटत. 314 सालच्या अंकिराच्या धर्मसभेने ठरवलं की मांस टाळणाऱ्या धर्मसेवकांनी ते निदान चाखून बघावं. मांसाबरोबर शिजलेली भाजीही जो खाणार नाही, त्याचं पद जावं. पुढे चर्चचा मोठा धर्मपंडित ठरलेला संत ऑगस्टीन स्वतः तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानी पंथाच्या नादी होता. त्या पंथाचे ‘निवडलेले’ साधक मांस तर खात नसतच, झाडाचं फळ तोडणंही त्यांना पाप वाटे. पंथ सोडल्यावर ऑगस्टीनने त्यांच्याविरुद्ध लिहिताना शुभवर्तमानातली गदरेकरांच्या मुलुखातली गोष्ट काढली. येशूने भुतं डुकरांच्या कळपात जाऊ दिली आणि सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडाली. म्हणजे मुक्या जनावरांशी आपलं हक्कांचं नातं नाही, असा त्याचा निष्कर्ष. डुकरांच्या मालकाचं काय, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही!

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने याला ॲरिस्टॉटलची चौकट दिली. जनावराला आत्मा आहे, पण विवेकशील नाही, म्हणून तो देहाबरोबर संपतो. मुसक्याच्या नियमापाशी तोही थांबतो. जनावरावर दया करायची ती एवढ्यासाठी, की तशी सवय लागलेला माणूस माणसावरही दया करेल. जनावराचं दुःख इथे माणसाच्या तालमीपुरतं.

लोकांचं मन मात्र वेगळ्या वाटेने चाललं होतं. फ्रान्समधल्या लिओंजवळच्या खेड्यांत बायका आजारी मुलं घेऊन संत गिनफोर्टच्या थडग्यावर जात. हा संत म्हणजे एक शिकारी कुत्रा. बाळाला सापापासून वाचवलं, पण रक्ताने माखलेलं तोंड बघून धन्याने त्यालाच मारलं. पंचतंत्रातल्या ब्राह्मणाच्या मुंगसाचीच ही कथा, कुठून कुठे पोचली! त्याच तेराव्या शतकात एतिएन द बूर्बों या डॉमिनिकन संघाच्या, पाखंड शोधणाऱ्या तपासाधिकाऱ्याने हाडं उकरून जाळली, तरी ही भक्ती पुढे कित्येक शतकं टिकली. असिसीच्या फ्रान्सिसने (मृत्यू 1226) पाखरांना उपदेश केल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गंमत अशी की त्याच्या सृष्टिस्तोत्रात सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी, धरती आणि मरणसुद्धा भाऊ-बहीण म्हणून येतात, पण एकही प्राणी येत नाही.

पौलाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं ते मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने, 1781च्या एका प्रवचनात. देव बैलांची काळजी करतो काय? निःसंशय करतो, आणि ते नाकारणं म्हणजे देवाच्या वचनालाच खोटं पाडणं. मुसकं न बांधण्याची रीत पूर्वेकडच्या देशांत अजून पाळतात, असंही तो सांगतो. प्रवचनाचा आधार अर्थातच रोमकरांसचं पत्र, ती कण्हणारी सृष्टी. त्याआधी पाचच वर्षं हम्फ्री प्रिमॅट या अँग्लिकन धर्मगुरूने प्राण्यांवरची क्रूरता हे पाप ठरवणारा ग्रंथ लिहिला होता. तो ग्रंथ पुढे संक्षेपाने छापला आर्थर ब्रूम या दुसऱ्या धर्मगुरूने. 1822 साली ब्रिटनमध्ये गुरं-घोड्यांच्या छळाविरुद्ध कायदा झाला. तो राबवायला माणसं हवीत म्हणून 1824 मध्ये लंडनच्या एका कॉफीगृहात ब्रूमने प्राणिक्रूरता प्रतिबंधक संस्था उभी केली. संस्थेच्या कर्जापायी त्याला तुरुंगातही जावं लागलं. त्याच्यानंतर कारभार सावरला तो लुईस गॉम्पर्ट्झ या ज्यू माणसाने, आणि संस्थेने आपलं काम केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर चालेल असा ठराव केल्यावर त्याला बाहेर पडावं लागलं.

कॅथलिक शिकवण सावकाश हलली. 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथाने प्राण्यांना विनाकारण यातना देणं मानवी प्रतिष्ठेला न शोभणारं ठरवलं, आणि पुढच्याच वाक्यात माणसांची दैना आधी दूर व्हावी, तो पैसा जनावरांवर घालू नये, अशी तंबीही दिली. पोप फ्रान्सिस यांनी 2015च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटलं की इतर जिवांचं अंतिम प्रयोजन माणूस नव्हे. अक्वायनसच्या चौकटीत हे सहज बसत नाही. त्याच परिपत्रकाच्या 68व्या परिच्छेदात बैल परत आलाय: वाटेत पडलेला, म्हणून हात देऊन उठवायचा, आणि सातव्या दिवशी गाढवासोबत विसावा घेणारा. मुसक्याची ओळ मात्र त्या परिच्छेदात नाही.