भरणीवरचं कॉर्क

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क शहरात साउथ मॉल नावाचा रस्ता आहे. तिथल्या काही जुन्या इमारतींची मुख्य दारं रस्त्यापासून चांगली वर आहेत आणि तिथवर जायला दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्यांना लागून, रस्त्याच्या पातळीवर, एक ठेंगणं रुंद दार दिसतं. ते होडीसाठी होतं. आज जिथे गाड्या उभ्या असतात तिथे अठराव्या शतकात ली नदीचा फाटा वाहत होता. माल खालच्या दाराने थेट कोठारात जायचा आणि शेठजी पायऱ्या चढून वर. ग्रँड परेड आणि सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट हे शहरातले दोन मोठे रस्तेही असेच नदीचे फाटे बुजवून, झाकून तयार झालेत. मूळची जागा म्हणजे ली नदीच्या मुखाजवळची दलदल आणि तिच्यातली बेटं.

या शहराला आता झपाट्याने वाढायचं आहे. मे २०१९ च्या शेवटी महापालिकेची हद्द ३७ वरून १८७ चौरस किलोमीटरवर गेली आणि सव्वा लाखाची लोकसंख्या एका रात्रीत दोन लाखांच्या पुढे पोहोचली. डब्लिनवरचा भार कमी व्हावा म्हणून २०१८ च्या राष्ट्रीय नियोजन आराखड्याने कॉर्कला लक्ष्य दिलं: २०४० पर्यंत लोकसंख्येत ५० ते ६० टक्के वाढ. आकडा कागदावर लिहायला सोपा आहे. पण कॉर्कमध्ये कुठलाही मोठा प्रकल्प हाती घ्या, पहिला प्रश्न पाण्याचाच येतो.

कॉर्कला पूर दोन बाजूंनी येतो. एक समुद्राकडून. कॉर्कच्या बंदरात मोठ्या भरती-ओहोटीतला फरक पावणेचार मीटरच्या आसपास असतो. वादळात हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने चढते. नेहमीच्या १०१३ ऐवजी दाब ९६० वर आला, तर नुसत्या दाबामुळे पाणी अर्धा मीटर वर. त्यात आग्नेयेचा वारा पाणी बंदरात ढकलत असेल आणि तिथी अमावास्या-पौर्णिमेच्या जवळची असेल, तर शहराच्या मधोमध रस्त्यावर पाणी येतं. फेब्रुवारी २०१४ आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ते आलंच. अशा वेळी पाऊस पडायलाच हवा असं नाही. कोरड्या दिवशीही दुकानात पाणी शिरू शकतं.

दुसरा पूर डोंगराकडून. नोव्हेंबर २००९ मध्ये आधीच भिजून चिंब झालेल्या जमिनीवर मुसळधार पाऊस झाला. शहराच्या वरच्या अंगाला ली नदीवर कॅरिगाड्रोहिड आणि इनिस्कारा ही १९५० च्या दशकातली दोन जलविद्युत धरणं आहेत. वीजनिर्मितीसाठी जलाशय भरलेला हवा, पूर अडवायचा तर रिकामा हवा, हा या धरणांचा मूळ पेच. त्या रात्री इनिस्कारातून सेकंदाला ५०० घनमीटरहून जास्त विसर्ग झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कच्या आवारातल्या अनेक इमारती पाण्यात गेल्या. ली रोडवरचं जलशुद्धीकरण केंद्रही बुडालं, त्यामुळे पूर ओसरल्यावर हजारो घरांच्या नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं.

विद्यापीठाने वीज मंडळावर दावा लावला. मंडळाचं म्हणणं सरळ होतं: धरणात जेवढं पाणी आलं त्याहून जास्त आम्ही सोडलं नाही, म्हणजे निसर्गाने केलं असतं त्यापेक्षा वाईट आम्ही काही केलं नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे अमान्य केलं. नदीचं नियंत्रण ज्याच्या हातात, नुकसान टाळण्याची क्षमता ज्याच्याकडे, त्याने ती वापरायला हवी, असा त्या निकालाचा गाभा. धरणं आहेत तिथल्या प्रत्येक पाटबंधारे अधिकाऱ्याने वाचावा असा हा निकाल आहे.

आता जमिनीच्या खाली जाऊ. हिमयुगात खोल खणली गेलेली लीची दरी नंतर वाळू आणि गोट्यांनी भरून आली. कॉर्कच्या मध्यभागाखाली हा जाड, सच्छिद्र थर आहे आणि त्यात भरपूर भूजल आहे. विद्यापीठाच्या आवारातलं ग्लक्समन कलादालन २००४ मध्ये उघडलं, तेव्हा याच थराचा फायदा घेतला गेला. तिथलं भूजल वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. ते उपसून उष्णता-पंपातून फिरवलं की हिवाळ्यात इमारत गरम ठेवता येते आणि उन्हाळ्यात गार. आणि याच इमारतीचं तळघर २००९ मध्ये बुडालं, आत ठेवलेल्या कलाकृतींसकट.

पूरनियंत्रणाचा वाद या सच्छिद्र थरामुळेच किचकट होतो. सरकारच्या ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्सची योजना अशी: नदीकाठचे जुने दगडी धक्के दुरुस्त करायचे, गरज असेल तिथे भिंती-कठडे उभारायचे, धरणांचं पाणी हवामानाच्या अंदाजानुसार आधीच सोडायचं आणि गळतीसाठी पंप बसवायचे. कारण नुसती भिंत बांधली की पाणी थांबत नाही, ते तिच्या पायाखालून वाट काढतं. ‘सेव्ह कॉर्क सिटी’ या नागरिकांच्या गटाला हे धक्के विद्रूप झालेले नको होते. त्यांची मागणी होती शहराच्या खालच्या अंगाला नदीवर भरतीरोधक दरवाजे बसवण्याची. कल्पना देखणी आहे. समुद्राच्या पुरावर ती चालेल. पण २००९ सारखा पूर वरून येत असेल तर ती उपयोगाची नाही, कारण मिटलेल्या दरवाजामागे नदीचं पाणी साठतच राहणार. शिवाय समुद्र जसजसा चढेल तसतसे दरवाजे अधिक वेळा मिटावे लागतील. माझं मत विचाराल तर कॉर्कला दोन्ही लागणार: आज धक्के आणि पंप, काही दशकांनी दरवाजे. आधी कुठलं यावर वाद घालण्यात मात्र बरीच वर्षं गेली.

पाण्याशी झुंजण्याऐवजी त्याचाच उपयोग करून घेतलेलं एक काम कॉर्ककडे आहे. १९९९ मध्ये उघडलेला, लीच्या पात्राखालून जाणारा ६१० मीटरचा जॅक लिंच बोगदा. मऊ गाळातून बोगदा कोरायचा तर फार खोल जावं लागलं असतं आणि दोन्ही बाजूंचे उतार लांबले असते. म्हणून १२२ मीटर लांबीचे काँक्रीटचे पाच प्रचंड पोकळ तुकडे काठावरच्या कोरड्या गोदीत ओतले गेले. अशा तुकड्याची तोंडं बंद केली की तो जहाजासारखा तरंगतो. गोदीत पाणी सोडायचं, तुकडा ओढत नदीत न्यायचा, आतल्या टाक्यांत पाणी भरून तळाशी खणलेल्या चरात अलगद बसवायचा. खरी गंमत सांध्यात आहे. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत अडकलेलं पाणी उपसलं की तिथला दाब नाहीसा होतो, आणि पलीकडच्या टोकावर रेटणारं नदीचं पाणी आख्खा तुकडा पुढे दाबून मधली रबराची पट्टी घट्ट बसवतं. ज्या पाण्याला बाहेर ठेवायचं, तेच सांधा बंद करून देतं! या बोगद्याच्या उत्तर तोंडाशी डंकेटलचा चौक वाहनांनी तुंबायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे रॅम्प आणि पूल बांधून तो सिग्नलमुक्त झाला.

सगळंच इतकं तडीस जात नाही. साउथ मेन स्ट्रीटवर बीमिश अँड क्रॉफर्डच्या जुन्या बिअर कारखान्याच्या जागेवर मोठं सभागृह व्हायचं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द पंतप्रधान एंडा केनी यांनी कुदळ मारली. पुढे अनेक वर्षं तिथे सभागृहाची वीटही चढली नाही. उत्खननात मात्र अकराव्या शतकातल्या घरांचे अवशेष आणि विणकराची लाकडी ‘तलवार’ निघाली. विणताना धागा ठोकून बसवायचं हे हत्यार यू झाडाच्या लाकडाचं, जेमतेम फूटभर, कोरीवकाम शाबूत असलेलं. पाण्याने गच्च असलेल्या गाळात प्राणवायू पोहोचत नाही, लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं तिथे फारसं चालत नाही, म्हणून ते टिकलं.

नळाच्या पाण्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ली रोडवर नवं शुद्धीकरण केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर अनेक भागांत नळाला तपकिरी, कधी नारिंगी पाणी येऊ लागलं. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी आधीपेक्षा चांगलं, मग हे कसं? शहरातल्या बऱ्याच जलवाहिन्या जुन्या बिडाच्या. त्यांच्या आत वर्षानुवर्षं लोह आणि मँगनीजचा थर बसलेला असतो आणि तो त्या पाण्याच्या आम्लतेशी, त्यातल्या क्षारांशी जुळवून घेऊन स्थिर झालेला असतो. केंद्र बदललं, पाण्याचं रसायन बदललं, थर सुटू लागला. नवं यंत्र आणून जुने पाइप तसेच ठेवले की असं होतं. पाइप बदलणं हे फीत कापण्याजोगं काम नसल्याने ते नेहमी मागे पडतं.

वाहतुकीचं थोडक्यात: उपनगरी रेल्वेचं दुहेरीकरण आणि नवे सिग्नल यांचं काम चालू आहे, आणि २०२५ मध्ये बॅलिनकॉलिग ते महोन असा सुमारे १८ किलोमीटरचा ट्रॅममार्ग प्रस्तावित झाला. कॉर्कमध्ये १८९८ ते १९३१ या काळात विजेच्या ट्रॅम धावत होत्या, पुढे त्या बंद झाल्या.

वाढीची सगळी मदार आहे ती डॉकलँड्सच्या, म्हणजे जुन्या गोदी-बंदराच्या पट्ट्याच्या, १४६ हेक्टरांवर. बंदराचं काम खाली रिंगास्किडीकडे सरकत चाललं आहे, फोर्डचा कारखाना १९८४ मध्येच बंद पडला, त्यामुळे शहराच्या मध्याला लागून एवढी जागा मोकळी झाली. तिथे सुमारे १०,००० घरांची योजना आहे आणि २०२१ मध्ये सरकारने डॉकलँड्ससाठी ३५ कोटी युरोंहून जास्त निधी जाहीर केला. पण दक्षिण काठावरची बरीच जमीन नदीतला गाळ टाकून मिळवलेली आहे आणि मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून इथे पोल्डरची पद्धत योजली आहे: कडेने बांध उंच करायचा, आतली जमीन खालीच ठेवायची, पावसाचं पाणी तळ्यांत आणि चरांत धरायचं, ओहोटीला सोडायचं किंवा पंपाने बाहेर फेकायचं. संपूर्ण परिसर भरणी घालून उचलला असता तर खालचा मऊ गाळ त्या वजनाने वर्षानुवर्षं खचत राहिला असता. पोल्डर चालतो तो पंपांवर आणि ते कायम चालू ठेवणाऱ्या माणसांवर. म्हणून इथे घर घेणाऱ्याने नदीचा देखावा नंतर पाहावा. आधी जोत्याची पातळी विचारावी, आणि पंपांचं वीजबिल पुढची पन्नास वर्षं कोण भरणार तेही.