भत्ता, वाराई आणि ड्रायव्हरच्या हाती उरणारे पैसे

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद, गूळ भरून निघणाऱ्या ड्रायव्हरला पगार विचारला तर आकडा लहानच निघतो. तो खोटा नसतो. कमाईचा बराच भाग पूर्वीपासून भत्त्यातून सुटायचा. मालक खेपेमागे रोख द्यायचा. त्यात जेवण, टोल, पंक्चर आणि वाटेतली चिरीमिरी भागवून उरेल ते ड्रायव्हरचं.

मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, जादा कामाला दुप्पट दर, सगळं त्यात होतं. पण तो लागू ५ किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एक-दोन गाड्यांचा मालक, त्यातली एक तो स्वतःच चालवणारा, तिथं कायदा पोचणार कसा?

हमालांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, पुढे मंडळं आली, मजुरी आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर काम देणाऱ्याने भरायची जादा रक्कम, मंडळामार्फत जमा होऊ लागली. ते हवंच होतं. ड्रायव्हरसाठी मात्र तसं काही उभं राहिलं नाही, आणि वाराईचा तिढा नेमका इथं बसतो. वाराई म्हणजे हमालीखेरीज गाडीवाल्याकडून घेतली जाणारी रक्कम. व्यापारी म्हणतो, ती भाड्यातच धरलेली आहे. वाहतूकदार म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल. हमालांचं म्हणणं, आमच्या घामाचे पैसे मिळाले पाहिजेत, कुणाच्या खिशातून ते तुम्ही ठरवा. ‘यापुढे वाराई देणार नाही’ असं पश्चिम महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी एकदा नव्हे, अनेकदा जाहीर केलं. भांडण या तिघांचं म्हणून सांगितलं जातं, पण परमुलखात भरली गाडी घेऊन उभा असतो तो ड्रायव्हर. गाडी मोकळी झाली नाही तर परतीचं भाडं जातं. मग तो भत्त्यातून पैसे काढतो. त्याची पावती मिळेलच असं नाही, आणि हिशेबाला बसल्यावर शेठ पावती मागतो. बैठकांमध्ये या चौथ्या माणसाला बोलावल्याचं क्वचितच दिसतं.

नंतरचे बदल भराभर झाले. पैसे भरून जादा माल नेऊ देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मोडीत काढली. जादा टनामागे ड्रायव्हरला सुटणाऱ्या पैशावर गदा आली. जुलै २०१८ मध्ये वजनाची मर्यादाच वाढली, दोन आसांच्या गाडीची १६.२ वरून १८.५ टन. त्याच वर्षी, फास्टॅग आणि ट्रॅकिंग यंत्र असेल तर नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हरची सक्ती उरली नाही. काम एकट्यावर आलं, पगार काही दुप्पट झाला नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर आणेवाडी, तासवड्याच्या टोलचे पैसे मालकाच्या खात्यातून परस्पर जाऊ लागले. डिझेलही कार्डावर. चोरी थांबली असं मालक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण जो पगार कधी ठरलाच नव्हता तोही याच फटीतून निघत होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा त्यांत विलीन झाला. किमान वेतनाचा हक्क आता कागदावर सगळ्यांना आहे. कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत मात्र वाहतूक धंद्यासाठी कामगारांची अट ५ वरून १० वर गेली आहे.