न्यू जर्सीत आधीच उगवलेली घोळ

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, मेथीची जुडी मिळते, घोळ सहसा मिळत नाही. मात्र जूनमध्ये घरासमोरच्या ड्राइव्हवेच्या फटीतून जमिनीसरशी पसरणारी, तांबूस मांसल देठांची जी वेल दिसते ती घोळच. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरेशिया, तिथल्या भाषेत पर्सलेन. एप्रिलमध्ये बटाट्याच्या वाफ्यात पिठूळ पानांचं जे तण उगवतं, त्याला तिकडे लॅम्ब्ज क्वार्टर्स म्हणतात. तो आपला चाकवत. या दोन भाज्यांसाठी सातासमुद्रापलीकडून बी न्यायची गरज नाही. ते तिथल्या मातीत आधीच पडलेलं आहे.

बॅगेत पुड्या घालून बी नेणं बेकायदेशीरही आहे. अमेरिकेत लागवडीचं बी नेताना फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बियांत कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. ते नसेल तर कृषी खात्याचा ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ परवाना आधी काढावा लागतो, आणि त्यात एका पुडीला 50 बिया किंवा 10 ग्रॅम एवढीच मर्यादा असते. केना आणि नाळीची भाजी यांच्या वाटेला तर जाऊच नये. दोन्ही अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहेत. केना ही आपल्या श्रावणातली रानभाजी जॉर्जियातल्या कापूस शेतकऱ्याच्या डोक्याला ताप झालेली आहे.

बी शोधण्याआधी माती तपासावी. अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंगांवर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घराच्या भिंतीलगत रंगाचे पोपडे वर्षानुवर्षं पडलेले असतात आणि शिसं मातीतून आपोआप निघून जात नाही. रहिवासी जमिनीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची शिशाच्या धोक्याची पातळी 400 पीपीएम (मातीच्या दहा लाख भागांत 400 भाग) होती, ती जानेवारी 2024 मध्ये 200 वर आणली गेली. नमुना घेताना वाफ्यातल्या दहा-बारा ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतची माती काढावी, प्लास्टिकच्या बादलीत कालवावी आणि त्यातली साधारण दोन कप माती रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत पाठवावी. शिशाचीही चाचणी हवी, हे अर्जात स्पष्ट लिहावं. घोळ जमिनीला चिकटून वाढते. पावसाच्या थेंबाबरोबर उडालेली माती पानांना बसते, आणि पालेभाजीतून शिसं पोटात जाण्याची मुख्य वाट हीच. शंका असेल तर भिंतीपासून दूर, खाली कापड अंथरून 4 बाय 8 फुटांचा, फूटभर उंच वाफा बांधावा. त्याला 32 घनफूट माती लागते.

खताच्या बाबतीत ‘सेंद्रिय’ हा शब्द फसवतो. घोड्याचं किंवा गाईचं शेणखत विकत घेतलं आणि त्या जनावरांनी खाल्लेल्या गवतावर अमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड फवारलेलं असलं, तर ते तणनाशक जनावराच्या पोटातून, शेणातून, कंपोस्टच्या उष्णतेतूनही टिकून बाहेर पडतं. ते गवताला सोडतं आणि रुंद पानांच्या झाडांना मारतं. आपल्याला लावायच्या आहेत त्या सगळ्या रुंद पानांच्याच. म्हणून ढीग वाफ्यात ओतण्याआधी तीन कुंड्यांत दोन भाग खत आणि एक भाग पॉटिंग मिक्स (कुंडीसाठीची तयार माती) घालावं, आणखी तीन कुंड्यांत नुसतं पॉटिंग मिक्स. प्रत्येकीत वाटाण्याचे तीन दाणे पेरावेत. कुंड्यांखालच्या थाळ्या वेगवेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर पाझरलेलं पाणी एकीतून दुसरीत जातं आणि तुलनाच बिघडते. दोन-तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली शेंड्याची पानं द्रोणासारखी वळली किंवा पिळवटली आणि दुसऱ्या कुंड्यांत सरळ राहिली, तर ते खत परत करावं. खत चांगलं निघालं तरी वाफ्यावर इंचभर थर, म्हणजे साधारण पावणेतीन घनफूट, पुरे. चाकवत आणि माठ नत्र अधाशासारखं ओढतात आणि जादा झालेलं पानांत नायट्रेट म्हणून साठवतात.

आता ओळख. घोळीसोबत त्याच फटीत नायटीच्या कुळातलं एक तण उगवतं, स्पॉटेड स्पर्ज. दोन्ही जमिनीवर चकतीसारखे पसरतात, त्यामुळे उभ्याने बघून फसायला होतं. खाली बसून देठ मोडावा. पांढरा चीक आला की ते स्पर्ज, विषारी. घोळीच्या देठातून पाण्यासारखा रस येतो. तिचा देठ गुळगुळीत आणि रसरशीत असतो, स्पर्जचा दोऱ्यासारखा बारीक आणि केसाळ. चाकवताची खूण शेंड्याला. कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी असते, बोटाला लागते आणि त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो. कांगुणीचं रोप लहानपणी चाकवतासारखं वाटू शकतं, पण त्याला ही भुकटी नसते. रस्त्याकडेची, कुत्री फिरवायच्या वाटेवरची किंवा फवारणी होणाऱ्या लॉनमधली झाडं खुडू नयेत. बियांपुरती ती चालतील.

चाकवत एप्रिलच्या सुरुवातीला पेरावा. त्याला थंडी चालते. पाव इंच खोल पेरावा, नंतर विरळणी करून रोपांत आठ इंच अंतर ठेवावं. रोप आठ-दहा इंचांचं झालं की शेंडा खुडावा, बगलेतून फुटवे येतात. ऑगस्टमध्ये पेरलेला चाकवत मात्र निराशा करतो. दिवस लहान होऊ लागले की या झाडाला फुलण्याची घाई सुटते आणि वीतभर रोपालाच तुरे येतात. पानांत नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर आत पान पोखरणारी अळी आहे. ते पान तोडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावं, कंपोस्टमध्ये नको.

घोळ उलट्या स्वभावाची. मेच्या अखेरीस माती चांगली उबदार झाली की मगच. बी राजगिऱ्याहूनही बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. मूठभर कोरड्या वाळूत कालवून पृष्ठभागावर भुरभुरावं, तळव्याने दाबावं, वर माती घालू नये. नेहमीच्या सवयीने मातीखाली पुरलेलं बी बहुतेक वेळा उगवतच नाही. झारीने पाणी घातलं तर ते वाहून कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून फवाऱ्याने ओलं ठेवावं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात, फुलण्याआधी, दोन इंच बुंधा ठेवून कापणी करावी.

कापणी कधी करायची याला चवीचं कारण आहे. पाण्याची ओढ बसली की घोळ दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते आणि रात्री उघडते. रात्री आत घेतलेला कार्बन डायॉक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा उन्हात वापरते. म्हणून कोरड्या वाफ्यातली घोळ पहाटे आंबट लागते आणि संध्याकाळी सौम्य. रोज भरपूर पाणी दिलं तर हा फरक पुसट होतो. रात्री कार्बन साठवून दिवसा वापरण्याच्या या पद्धतीला ‘कॅम’ म्हणतात. घोळीत मक्यासारखी सी-4 ही प्रकाशसंश्लेषणाची दुसरी पद्धतही आहे, आणि या दोन्ही एकाच पेशींमध्ये जोडीने चालतात हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 मध्ये दाखवलं. फटीतल्या तणाकडून एवढी अपेक्षा कोण करतं?

दोन्ही भाज्यांत ऑक्झॅलेट भरपूर. विरघळणारं ऑक्झॅलेट आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात कॅल्शियमशी जुळून खडा होऊ शकतो. तेच कॅल्शियम आधी, पातेल्यात किंवा पोटात भेटलं, तर न विरघळणारं संयुग बनतं आणि बाहेर टाकलं जातं. न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठातून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोळीच्या पानांत दही मिसळल्यावर विरघळणारं ऑक्झॅलेट कमी झालेलं आढळलं. ताकातला चाकवत करणाऱ्या घरांत हे रसायन बेसन आणि लसणाच्या फोडणीसकट चालत आलेलं आहे. चाकवत आधी उकडून पाणी ओतून दिलं तर ऑक्झॅलेट आणखी घटतं, नायट्रेटही. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी घोळ कच्ची कोशिंबिरीत खाऊ नये आणि शिजवलेलीही डॉक्टरांना विचारूनच खावी.

शेवटची काळजी बियांची. घोळीच्या एका मोठ्या झाडाला लाखाच्या घरात बी येतं. उपटून तिथेच टाकलेलं झाड मांसल देठातल्या ओलाव्यावर बी पिकवतं, आणि तुकडे मातीवर राहिले तर पुन्हा मुळंही धरतं. म्हणून एकच झाड बियांसाठी राखावं, बाकीची फुलण्याआधी खावीत. त्या झाडाच्या बोंडांची टोपणं पिवळी पडू लागली की झाड कापून कागदी पिशवीत उलटं टांगावं. आठवड्याभरात टोपणं उघडून काळं बी पिशवीच्या तळाशी जमतं. हे काम ऑक्टोबरच्या आत उरकावं, कारण पहिल्या कडक दहिवराच्या सकाळी घोळीचा वाफा काळा, बुळबुळीत लगदा होऊन पडलेला असतो.