एचआयव्हीसह जगणारे समलिंगी पुरुष आणि सुरक्षित संबंध : मानसिक घटक

एचआयव्ही कसा पसरतो हे पुरते ठाऊक असलेला माणूसही एखाद्या वेळी कंडोम बाजूला ठेवतो. असे का होते, हा या विषयाचा मूळ प्रश्न. समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांसाठी सुरक्षित संबंधांची मांडणी आधी त्यांच्यातूनच झाली. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या एड्स झालेल्या दोघांनी, डॉ. जोसेफ सॉनाबेंड यांच्या साहाय्याने, त्याविषयी पुस्तिका काढली. तिचा भर जोडीदाराच्या काळजीवर होता.

माहिती लागतेच, पण ती पुरत नाही. ‘कंडोम वापरू या’ असे म्हणण्याची हिंमत आपल्यात आहे, हा विश्वासही लागतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची कल्पना इथे उपयोगी पडते. नाकारले जाण्याची भीती, मारहाणीची धास्ती, दारू किंवा इतर नशा यांपुढे हा विश्वास डळमळतो.

सर्वांत घातक ठरते ती गप्प राहण्याची सवय. संसर्ग असलेला पुरुष समजतो, ‘हा कंडोम मागत नाही, म्हणजे यालाही असणार.’ दुसरा समजतो, ‘असता तर याने सांगितले असते.’ दोघेही बेपर्वा नसतात. तरी धोका तयार होतो. सांगितल्यावर तुटलेली नाती आठवत असतील, तर तोंड उघडणे आणखी अवघड होते. म्हणून सगळी जबाबदारी एकाच जोडीदारावर टाकणारा उपदेश फारसा कामाचा नाही.

नैराश्यामुळे माणूस बेफिकीर होतो, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. २००१ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा खिन्नता आणि धोक्याचे वर्तन यांचा संबंध जेमतेमच दिसला. खिन्नतेचा परिणाम एचआयव्हीवरच्या गोळ्या नियमित घेण्यावर अधिक स्पष्ट दिसतो.

आणि आता गोळ्यांना फार महत्त्व आले आहे. पार्टनर-२ या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाला संसर्ग असलेली ७८२ समलिंगी जोडपी होती. उपचारांनी विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, दबलेला असताना कंडोमविना सुमारे ७६,००० वेळा संबंध आले. जोडीदाराकडून जोडीदाराला एकही लागण झाली नाही. तरीही काहींची ‘आपण दुसऱ्याला धोका आहोत’ ही भावना तपासणीच्या अहवालाने जात नाही. कंडोमचा प्रश्नही पुरता मिटत नाही, कारण गरमी (सिफिलिस) आणि परमा (गोनोरिया) या गुप्तरोगांवर या गोळ्यांचा इलाज चालत नाही.