थ्रिलरचे झीलकरी

लातूरला गेल्या गणपतीच्या मिरवणुकीत एका बँजो पार्टीच्या कीबोर्डवाल्यानं मधेच 'बिली जीन'चा बेस डाव्या हातानं धरला आणि पोरं 'मायकल, मायकल' ओरडत नाचायला लागली. गाडीवर रेडियमनं नाव होतं ते फक्त पार्टीच्या मालकाचं. तुळजापूरच्या गोंधळातही हेच. संबळ आणि तुणतुणं नसेल, मागं झील धरणारा नसेल, तर गोंधळ्याचा आवाज दोन कडव्यांत बसतो. पण सुपारी देणारा नाव विचारतो एकाचंच.

'थ्रिलर' या अल्बममधल्या 'बिली जीन'ची चाल अमेरिकी गायक मायकल जॅक्सनची, हे खरं. पण रेकॉर्डवरच्या बेसची बोटं लुई जॉन्सनची आणि ड्रमचा ठेका लिऑन चान्सलरचा. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडननं बास ड्रमसाठी चेनवाली खोळ शिवून घेतली होती, इतर वाद्यांचा आवाज त्यात मिसळू नये म्हणून. या एका गाण्याची त्यानं ९१ मिक्स, म्हणजे आवाजांचे तोल जुळवलेल्या आवृत्त्या, केली आणि अखेर वापरलं ते दुसऱ्या नंबरचं!

प्रोड्युसर म्हटलं की आपल्याला पैसे लावणारा शेठ आठवतो. 'थ्रिलर'चा प्रोड्युसर क्विन्सी जोन्स तसला नव्हे. जॅझमध्ये ट्रम्पेट वाजवत, वाद्यमेळ बांधत मोठा झालेला हा माणूस. कुठल्या गाण्याला कुणाला बोलवायचं, ही त्याची खरी विद्या. १९७९ च्या 'ऑफ द वॉल' अल्बमपासून तो मायकलसोबत होता. एप्रिल १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक स्टुडिओत 'थ्रिलर'चं काम सुरू झालं, ३० नोव्हेंबरला रेकॉर्ड बाजारात. गाणी नऊ. त्यांतली चार मायकलची, तर तीन रॉड टेम्परटन या इंग्रज गीतकाराची. 'थ्रिलर' हे नावही टेम्परटनचंच. आधी त्या गाण्याला तो 'स्टारलाइट' म्हणत होता.

मला सगळ्यात आवडतो तो 'ह्यूमन नेचर'चा किस्सा. आपल्याकडं कॅसेट भरून देणारे एका बाजूला भीमगीतं आणि उरलेल्या जागेत काहीबाही भरायचे, तसंच काहीसं. टोटो या बँडच्या डेव्हिड पेचनं क्विन्सीला दोन चाली पाठवल्या. कोरी कॅसेट हाताशी नव्हती म्हणून वापरलेलीच घेतली. क्विन्सीनं ती ऐकली, टेप चालूच राहिली, आणि दुसऱ्या बाजूनं वेगळंच काही वाजायला लागलं. ते टोटोच्याच स्टीव्ह पोर्कारोचं अर्धवट गाणं होतं. शाळेत एका मुलानं घसरगुंडीवरून ढकललं म्हणून रडत घरी आलेल्या मुलीला समजावताना त्याला ते सुचलेलं. पेचच्या चाली बाजूलाच राहिल्या. पोर्कारोची चाल उचलली गेली आणि पुरे शब्द जॉन बेटिसनं लिहिले.

'थ्रिलर'मधल्याच 'बीट इट'मधला गिटारचा तुकडा रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं फुकटात वाजवला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच्या टेपवरच्या काटछाटीमुळं ताल जुळेना, तेव्हा अख्खं गाणं पुन्हा उभं करायला बसले टोटोचेच स्टीव्ह लुकाथर आणि जेफ पोर्कारो. जेफनं ड्रम, लुकाथरनं गिटार आणि बेसही.

ही मंडळी कुणी भाड्याची वाजंत्री नव्हती. वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांच्या 'टोटो फोर'ला मिळालं. 'थ्रिलर'चा नंबर लागला त्याच्या पुढच्या वर्षी.