वणव्यानंतरची झुडूपवाढ (पुणे परिसर)

वणव्यानंतरची झुडूपवाढ : कोरड्या पानझडी व काटेरी रानातून आग गेल्यावर झुडपांचे बी रुजण्याची आणि जुन्या बुंध्यांना फुटवा येण्याची प्रक्रिया. पुण्याभोवती वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगड, कात्रज व दिवे घाट येथील उतारांवर साधारणतः फेब्रुवारी ते मे या काळात वाळलेले गवत पेटते. बहुतेक आगी माणसाने लावलेल्या किंवा त्याच्या हलगर्जीपणातून लागलेल्या असतात.

गवताची आग भडकते, पण एका जागी रेंगाळत नाही. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने चार-पाच सेंमी. खाली झळ फारशी पोहोचत नाही. त्यामुळे धायटी, करवंद, मुरुडशेंग, हेकळ यांच्या फांद्यांचा कोळसा झाला, तरी जमिनीलगतच्या ठोंबातील सुप्त डोळे बहुधा शाबूत राहतात व काळ्या काड्यांच्या बुडाशी धुमारे फुटतात. कुसळी गवताची तऱ्हा निराळी. तिच्या बियांचे पिळदार कुसळ दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते आणि टोकदार बी मातीत शिरते. पुढे वरून आग गेली तरी ते वाचते.

टाकळा, बाहवा यांसारख्या शेंगावर्गीय वनस्पतींच्या बीजावरणात खांबासारख्या पेशींचा जलरोधक थर असतो. उष्णतेने त्यातील कमकुवत जागा उघडते व पाणी आत शिरते. कठीण कवचाच्या अनेक जातींत ८० ते १००° से. उष्णता काही मिनिटे पुरते. ती फार वाढली किंवा लांबली की गर्भ मरतो. मावळ-मुळशीत भातरोपांसाठी राब भाजतात (वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळतात), तेव्हा सावकाश धुमसणाऱ्या आगीने तणांचे बी मरते, ते याच कारणाने. धुराचा परिणाम वेगळा. दक्षिण आफ्रिकेत द लांग व बाउचर यांनी १९९० मध्ये धुरामुळे अंकुरण होते हे दाखविले. २००४ मध्ये धुरातील एक कारक संयुग वेगळे करण्यात आले व पुढे या गटाला कॅरिकिने हे नाव मिळाले. मात्र आगीशी संबंध नसलेल्या लेट्यूससारख्या वनस्पतींचे बीही त्याला प्रतिसाद देते.

हे गुण आगीमुळेच उत्क्रांत झाले काय, यावर मतभेद आहेत. कीली व सहकारी (२०११) आगीला उत्क्रांतीतील महत्त्वाचा दाब मानतात; ब्रॅडशॉ व सहकाऱ्यांच्या (२०११) मते त्याला पुरावा तोकडा असून दुष्काळ, चराई, नापीक माती हीही कारणे संभवतात. हा वाद मुख्यतः भूमध्य-हवामानाच्या (कोरडा उन्हाळा, पावसाळी हिवाळा) प्रदेशांपुरता आहे. पुण्याला तो जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. येथे आग उन्हाळ्यात लागते आणि रुजवण जूनच्या पावसावाचून होत नाही. कठीण कवच हे प्रथम लांब कोरड्या ऋतूचे साधन आणि आगीत त्याचा होणारा उपयोग आनुषंगिक, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. फुटवाही तोड आणि चराईनंतर तसाच येतो. मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील वनस्पतींच्या उल्लेखांवरून नेर्लेकर व पाटील यांनी (२०२५) पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ-काटेरी माळ निदान ७५० वर्षे जुने ठरविले आहेत. अर्थात माळ जुना, म्हणून आगही तितकीच जुनी आणि नियमित, असे त्यातून निघत नाही.

एखाद्या आगीनंतर सावरणारे रान दरसाल जळू लागले, की ठोंबातील अन्नसाठा आटतो आणि नवी रोपे बुंधा धरण्यापूर्वीच जातात. घाणेरी (लँटाना) या परदेशी झुडपाविषयी हिरेमठ व सुंदरम् (२००५) यांनी आग व घाणेरी एकमेकींना वाढवितात अशी उपपत्ती मांडली. कर्नाटकातील बिळिगिरी डोंगरांतील सोलिगा आदिवासींचा अनुभव उलट आहे : रान जाळणे बंद झाल्यावर घाणेरी माजली. जळलेल्या घाणेरीला बुडातून फुटवा येतो आणि तिचे बी पक्ष्यांमार्फत पसरते, एवढे निर्विवाद. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतात. दरवर्षी साफ होणाऱ्या त्या पट्ट्यांत झुडपे सहसा तग धरत नाहीत.